विकत घेतलेल्या वस्तूचा धनी कोण?



इतिहास म्हटला की राजेरजवाडे, लढाया आणि तह हेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आजच्या माझ्या विषयात लढाई आहे आणि तहही आहेत. मात्र लढणारी माणसे अगदी साधी आहेत. कोणी मोटारीच्या गॅरेजमध्ये बसून तारा जोडणारे हौशी, तर कोणी दिवसभराचे काम आटोपल्यावर घटकाभर पडद्यावरचा खेळ खेळणारे. त्यांनी ज्या गोष्टीवरून भांडण मांडले ती वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. दाम मोजून घरी आणलेली वस्तू माझी झाली की नाही, एवढाच तो प्रश्न होय.

आपण पाटावरवंटा विकत घेतला, तर पाथरवट दुसऱ्या दिवशी दारात येऊन, ‘यावर चटणीच वाटा, डाळ वाटू नका’ असे बजावीत नाही. आणि दहा वर्षांनी येऊन तो उचलूनही नेत नाही. विक्री म्हणजे काय, याविषयी आपल्या मनात कधी शंकाच येत नाही. परंतु ज्या वस्तूत कोणाचे तरी लेखन साठविलेले असते, मग ते पुस्तक असो वा संगणकाची आज्ञावली असो, तिच्या बाबतीत ही शंका गेली शंभर वर्षे पुनःपुन्हा उपस्थित झालेली आहे. तिचा उगम आणि प्रवास अमेरिकेत व पुढे युरोपात कसा झाला, हे आज थोडक्यात पाहावयाचे आहे.

आरंभ एका कादंबरीपासून करू. १९०४ साली बॉब्ज-मेरिल नावाच्या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने ‘द कास्टअवे’ ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि तिच्या आरंभीच्या पानावर एक सूचना छापली. पुस्तकाची किंमत एक डॉलर आहे, त्याहून कमी किमतीस ते विकण्याची कोणासही परवानगी नाही, तसे केल्यास तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल, असा तिचा आशय होता. न्यूयॉर्कच्या मेसी या प्रसिद्ध दुकानाने ती सूचना मनावर न घेता पुस्तक ८९ सेंटला विकले. प्रकाशकांनी दावा लावला व तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९०८ साली न्यायालयाने निर्णय दिला, की पुस्तकाच्या प्रती काढण्याचा हक्क ग्रंथस्वामीचा खरा; परंतु एखादी प्रत एकदा विकल्यावर त्या प्रतीचे पुढे काय व्हावे, हे ठरविण्याचा हक्क त्याला उरत नाही. लेखन लेखकाचे, प्रत मात्र घेणाराची. जुन्या पुस्तकांची दुकाने आणि सार्वजनिक ग्रंथालये अमेरिकेत निर्वेधपणे चालू शकतात, ती याच तत्त्वाच्या आधारावर. पहिल्या विक्रीबरोबर हक्क संपतो, हे तत्त्व पुढच्याच वर्षी तेथील कायद्यात समाविष्ट झाले.

यानंतर सुमारे सत्तर वर्षे हे तत्त्व सुखाने नांदले. मग संगणक घरात आला. जानेवारी १९७५ मध्ये एका अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ या यंत्राचे चित्र झळकले. न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्क येथील मिट्स ही छोटी कंपनी सुटे भाग पेटीत घालून चारशे डॉलरांहूनही कमी किमतीस ते धाडीत असे. घेणाराने स्वतः डाक लावून ते जुळवावयाचे. त्याला ना पडदा, ना कळफलक. पुढच्या बाजूस केवळ खटके आणि दिवे. तरीही हौशी लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये अशा मंडळींची पहिली बैठक भरली. हाच पुढे प्रसिद्धीस आलेला होमब्रू संगणक-मंडळ होय. जे शिकलो ते दुसऱ्यास सांगावयाचे, जे जुळविले ते सर्वांसमोर उघडून दाखवावयाचे, हा त्यांचा रिवाज होता. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी ॲपलचा पहिला संगणक याच मंडळींना दाखविला.

या अल्टेअरसाठी ‘बेसिक’ ही संगणकभाषा बिल गेट्स, पॉल ॲलन आणि त्यांचे एक सहकारी यांनी सिद्ध केली होती. मिट्स कंपनी ती आपल्या स्मृतिफलकांसोबत अल्प किमतीस देई. नुसती घ्यावयाची तर ५०० डॉलर पडत. ते स्मृतिफलक मात्र पुष्कळदा नीट चालत नसत. मागणी नोंदवून ताटकळत बसलेल्या हौशी लोकांच्या हाती बेसिकची एक छिद्रित कागदी पट्टी लागली आणि तिच्या प्रती निघू लागल्या. एक प्रत न्या, दोन परत आणा, असा मंडळात नियमच पडला असे सांगतात. यावर वीस वर्षांच्या गेट्सने ३ फेब्रुवारी १९७६ रोजी हौशी लोकांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. तुमच्यापैकी बहुतेक जण आज्ञावली चोरता, यंत्राचे पैसे देता पण त्यामागील बुद्धीचे देत नाही, आमच्या श्रमाचा मोबदला ताशी दोन डॉलरही पडत नाही, असे त्याचे सार होते.

या पत्रावर मोठा गदारोळ झाला. आज पन्नास वर्षांनंतर शांतपणे विचार करता, गेट्सच्या म्हणण्यात तथ्य होते हे मान्य करावे लागते. १९०८ च्या निर्णयानेही प्रत पुढे विकण्याची मुभा दिली होती, नव्या प्रती काढण्याची नव्हे. परंतु हौशी मंडळींचीही बाजू होती. कामास न येणारा फलक गळ्यात बांधून घेतला तरच आज्ञावली स्वस्त, हा सौदा त्यांना अन्यायाचा वाटे. त्यांच्यातील टॉम पिटमन यांनी याला कृतीने उत्तर दिले. त्यांनी बेसिकची एक लहानशी आवृत्ती लिहून ती अवघ्या पाच डॉलरला विकावयास काढली, आणि लोकांनी पैसे पाठविले. मोल वाजवी असेल तर हौशी माणूस चोर नसतो, हे त्यावरून दिसून आले.

पुढचा प्रसंग खेळण्यांच्या बाजारातला. १९९० च्या सुमारास निन्टेन्डो या जपानी कंपनीची खेळयंत्रे अमेरिकेत घरोघर पोचली होती. खेळ एका डबीत साठविलेला असे व ती डबी यंत्रात बसविली की तो सुरू होई. इंग्लंडमधील कोडमास्टर्स या संस्थेने ‘गेम जिनी’ नावाची एक युक्ती काढली व अमेरिकेत गलूब ही खेळण्यांची कंपनी ती विकू लागली. डबी आणि यंत्र यांच्या मध्ये हा तुकडा बसवावयाचा आणि संकेताक्षरे भरावयाची, की खेळातील शिपायाला तीनऐवजी नऊ प्राण मिळत किंवा त्याची उडी लांब पडे. मूळ डबीत कसलाही बदल होत नसे. यंत्र बंद केले की सर्व पूर्ववत. निन्टेन्डोने आक्षेप घेतला, की यामुळे आमच्या कृतीची आमच्या परवानगीवाचून नवी आवृत्ती निर्माण होते. जुलै १९९० मध्ये विक्रीवर तात्पुरता मनाई-हुकूम निघाला आणि गलूबचे संपूर्ण वर्ष वाया गेले.

१९९१ साली न्यायाधीश फर्न स्मिथ यांनी निकाल दिला. वस्तूचे योग्य मोल एकदा दिल्यावर ग्राहकाने स्वतःच्या करमणुकीसाठी तिच्याशी हवे तसे प्रयोग करावेत, त्यास मूळ कर्त्याची हरकत चालणार नाही, असा त्याचा आशय होता. पुस्तकातील कंटाळवाणी पाने आपण गाळून वाचतो, तेव्हा काही नवे पुस्तक लिहीत नाही, तसेच हे. वरिष्ठ न्यायालयाने १९९२ साली हा निर्णय कायम केला आणि चुकीच्या मनाईबद्दल निन्टेन्डोला दीड कोटी डॉलर गलूबला द्यावे लागले. मुलांच्या खेळण्यावरून उद्भवलेल्या या खटल्याने १९०८ च्या तत्त्वास नवा अर्थ दिला. घेतलेली वस्तू पुढे विकता येते, एवढेच नव्हे, तर घरात बसून तिच्यावर प्रयोगही करता येतात, हे त्याने सांगितले.

परंतु वारे लवकरच फिरले. १९९८ साली अमेरिकेने नवा कायदा केला. त्यान्वये यंत्रात वा आज्ञावलीत कर्त्याने घातलेले कुलूप उघडणे हाच गुन्हा ठरला. मग आत जाऊन तुम्ही चोरी करा वा नुसता दिवा लावा. अपवाद ठेवले गेले, पण ते दर तीन वर्षांनी काँग्रेसच्या ग्रंथपालाकडे अर्ज करून पदरात पाडून घ्यावयाचे. तसे ते हौशी लोकांनी, ग्रंथालयांनी आणि ग्राहकांच्या संघटनांनी एकेक करून मिळविलेही. २०१० साली आपल्याच हातातल्या फोनचे कुलूप उघडण्याची मुभा मिळाली. २०१५ साली, ज्या खेळांचा आधार कंपनीने काढून घेतला आहे अशा काही खेळांना पुन्हा चालते करण्याची. स्वतःच्या वस्तूसाठी दर तीन वर्षांनी परवानगीचा अर्ज करावा लागावा, यातच परिस्थिती किती पालटली होती हे स्पष्ट होते.

याच सुमारास दुसरा एक बदल घडला. खेळयंत्रे इंटरनेटला जोडली गेली आणि विकून झाल्यावरही विकणाराचा हात वस्तूपर्यंत पोचू लागला. २००६ साली सोनी कंपनीने तिसरे प्लेस्टेशन बाजारात आणले, तेव्हा त्यावर लिनक्ससारखी दुसरी कार्यप्रणालीही चढविता येईल अशी सोय तीत ठेवली होती. म्हणजे खेळयंत्र हाच हौशी माणसाचा संगणक. कित्येकांनी ते यासाठीच घेतले. अमेरिकन वायुदलाच्या संशोधनशाळेने तर सुमारे १,७०० प्लेस्टेशन जोडून एक महासंगणक उभा केला. पुढे एका तरुणाने यंत्राची कुलपे उघडल्याचे जाहीर केले आणि १ एप्रिल २०१० रोजी सोनीने सुरक्षिततेचे कारण देऊन ही सोय काढून टाकणारी सुधारणा पाठविली. सुधारणा घ्यावी तर लिनक्स जाणार. नाकारावी तर जाळ्यावरचे खेळ आणि पुढील नवे खेळ यांना मुकावे लागणार. पैसे घेऊन दिलेला गुण चार वर्षांनी परत नेला जात होता. ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. तो एकदा फेटाळला गेला, वरच्या न्यायालयात पुन्हा जिवंत झाला, आणि २०१८ साली तडजोड होऊन प्रत्येक अर्जदारास जास्तीत जास्त ६५ डॉलर देण्याचे ठरले. रक्कम अल्प होती आणि गेलेली सोय काही परत आली नाही.

आता अगदी अलीकडचा प्रसंग. डिसेंबर २०१४ मध्ये यूबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘द क्रू’ नावाचा मोटारशर्यतीचा खेळ काढला. एकट्याने खेळावयाचे झाले तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ते सर्व्हर बंद केले व दाम देऊन घेतलेला खेळ निरुपयोगी झाला. पुढे कॅलिफोर्नियात दावा लागला, तेव्हा कंपनीचा बचाव असा, की ग्राहकाने खेळ विकत घेतलाच नव्हता; त्याला वापरण्याचा मर्यादित परवाना तेवढा मिळाला होता. १९०४ साली पुस्तकावर छापलेल्या त्या सूचनेचेच हे नवे रूप, असे म्हणावयास हरकत नाही. फरक एवढाच, की प्रकाशकाला मेसीच्या दुकानातून पुस्तके उचलून नेता आली नव्हती.

रॉस स्कॉट या अमेरिकन चित्रफीतकाराने या घटनेवरून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी केली. तिची मागणी माफक आहे. खेळ कायम चालवीत राहा असे ती म्हणत नाही. बंद करताना तो घेणाराला आपल्या बळावर चालविता येईल अशा स्थितीत सोडून जा, एवढेच म्हणते. युरोपीय संघाच्या नियमानुसार दहा लाख नागरिकांच्या सह्या मिळाल्यास आयोगाला त्या मागणीचा विचार करावा लागतो. जुलै २०२५ अखेर मुदत संपली, तेव्हा चौदा लाखांवर सह्या जमल्या होत्या. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा अमलात आला, की केवळ परवाना द्यावयाचा असेल तर तसे स्पष्ट सांगितल्यावाचून ‘विकत घ्या’ हे शब्द वापरता येणार नाहीत. यूबिसॉफ्टनेही या खेळाच्या दुसऱ्या भागाला जोडणीवाचून चालण्याची सोय करून दिली. आणि मूळ खेळ? तो सप्टेंबर २०२५ मध्ये हौशी मंडळींनी स्वतःचा सर्व्हर लिहून पुन्हा चालता केला. गॅरेजमधल्या त्या जुन्या मंडळाचे वारसदार अद्याप आहेत.

कंपन्यांचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. तोट्यातील सेवा किती दिवस चालवावी, खासगी सर्व्हरवर गैरप्रकार झाल्यास जबाबदारी कोणाची, मुळात अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळाची रचना कशी पालटावी, हे त्यांचे प्रश्न खोटे नाहीत. गेट्सच्या पत्रात जसे सत्य होते, तसे यांतही आहे. कर्त्याला श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे. परंतु मोल पोचल्यानंतर वस्तू कोणाची, या प्रश्नाला १९०८ साली जे उत्तर मिळाले, ते बदलण्यास यांपैकी एकही कारण पुरेसे आहे असे मला वाटत नाही.

आज हा प्रश्न खेळापुरता उरलेला नाही. फोन, मोटार, शेतावरचा ट्रॅक्टर, ही सारीच यंत्रे आता पोटात आज्ञावली बाळगून असतात. खेळणाऱ्यांनी जे भांडण मांडले ते उद्या शेतकऱ्याला आणि गृहिणीला मांडावे लागणार आहे. हौशी माणसाला लोक रिकामटेकडा समजतात. पण वस्तू उघडून पाहण्याची खोड त्याला असल्यामुळे तिच्यावरचे कुलूप पहिल्यांदा त्याच्याच हाताला लागते. त्याने दिलेली वर्दी आपण ऐकावी आणि दुकानात पैसे मोजण्यापूर्वी, ‘हे मी विकत घेतो आहे, की भाड्याने?’ एवढे विचारण्याची सवय ठेवावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.