चौकोनांत तुटणारा चेहरा

ऑनलाइन बैठकीत इंटरनेट मंदावले की समोरच्याचा चेहरा बारीक चौकोनांत तुटू लागतो. २०२० च्या टाळेबंदीत एका विद्यार्थ्याची पीएच.डी.ची मौखिक परीक्षा मी बेंगळुरूच्या घरातून पाहत होतो, तेव्हा ऐन प्रश्नाच्या वेळी परीक्षकांचा चेहरा असाच तुटला. त्या चौकोनांचा माग याच शहरात जन्मलेल्या एका अभियंत्यापर्यंत जातो, हे मला पुढे कळले.

नासिर अहमद यांचा जन्म १९४० चा. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी बेंगळुरूतच घेतली आणि १९६६ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. १९७२ मध्ये, कॅन्सस येथे अध्यापन करीत असताना, प्रतिमेतील माहिती कोसाइन लहरींच्या साहाय्याने संक्षिप्त करण्याच्या संशोधनासाठी त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. एका परीक्षकाला ही कल्पना फारच सोपी वाटली होती! (अर्ज तपासताना असा शेरा आपल्या हातून कधी गेला नाही, असे आम्हा संशोधकांपैकी किती जण छातीठोकपणे सांगतील?) अहमद यांनी अनुदानाविनाच काम चालू ठेवले. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो अवघा चार पानांचा आहे.

कल्पना अशी. चित्राचे ८ × ८ बिंदूंचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यातील ६४ आकडे ६४ कोसाइन आकृतिबंधांची बेरीज म्हणून लिहायचे. चेहरा, भिंत, आकाश यांत छटा हळूहळू बदलतात. त्यामुळे बहुतेक माहिती संथ लहरींच्या थोड्या गुणकांत एकवटते. जलद लहरींतील फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही, म्हणून ते गुणक ढोबळ करता येतात किंवा वगळता येतात. नेहमीच्या फूरिए रूपांतरात तुकड्याच्या कडांवर कृत्रिम उडी निर्माण होते. कोसाइन तुकडा आरशासारखा उलटवून जोडतो, आणि ती उडी टळते.

याचे मोल १९८८ च्या एच.२६१ मानकात दिसले. ३५२ × २८८ बिंदूंच्या, सेकंदाला ३० चौकटी दाखवणाऱ्या चलच्चित्राला मूळ रूपात सेकंदाला सुमारे ३६ मेगाबिट लागत. कोसाइन रूपांतर आणि लगतच्या चौकटींतील केवळ फरक पाठवण्याची युक्ती यांमुळे तेच चलच्चित्र काहीशे किलोबिटांत बसू लागले. बैठक दूरध्वनीच्या डिजिटल वाहिन्यांवरून शक्य झाली. आजच्या प्रणालींतही याच रूपांतराची सुधारित रूपे वापरली जातात.

वाहिनी अपुरी पडली की गुणक अधिकच ढोबळ होतात. मग तुकड्यांच्या कडा उघड्या पडतात आणि आपल्याला चौकोन दिसतात. त्या दिवशी परीक्षकांनी कॅमेरा बंद केला, आवाज स्पष्ट झाला, आणि प्रश्न पुन्हा विचारला गेला.