वेगाची परीक्षा

भाईंदरहून चर्चगेटला जायला किती वेळ लागतो? गाडीत बसल्यापासून मोजले तर एक उत्तर येते, घराच्या उंबरठ्यापासून मोजले तर दुसरे. दोन्ही खरी, पण नेमके काय मोजले, ते सांगायला हवे. संगणकाच्या वेगाचेही तसेच आहे.

नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा 'एका' हा महासंगणक जगातील ५०० वेगवान संगणकांच्या यादीत चौथा आला. सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी गणितक्रिया, हा त्याचा मोजलेला वेग. कागदावरची कमाल क्षमता मात्र सुमारे १७१ लाख कोटी होती. मग ११८ हा आकडा आला कोठून?

तो आला 'लिनपॅक' या कसोटीतून. आपण वर्गात दोन चलांची एकसामयिक समीकरणे सोडवतो. महासंगणकाला लाखो चलांची तितकीच समीकरणे दिली जातात. १९७९ मध्ये 'लिनपॅक' या आज्ञावली-संचाच्या पुस्तिकेत निरनिराळ्या यंत्रांना लागलेला वेळ जॅक डोंगारा यांनी नोंदवला, तेथून ही प्रथा रुजली. १९९३ पासून निघणारी ५०० संगणकांची यादी याच कसोटीवर आधारलेली आहे. तिचे गुण उघड आहेत : प्रश्न सर्वांना सारखाच, उत्तर ताडून पाहता येते आणि जुन्या-नव्या यंत्रांची तुलना होते.

आता उणिवा पाहू. लिनपॅकमधील सहगुणकांच्या तक्त्यात जवळजवळ प्रत्येक घर भरलेले असते. द्रवांचा प्रवाह किंवा पुलावरील ताण यांसारख्या पुष्कळ गणितांत बहुतेक घरांत शून्य असते. तेथे आकडेमोड थोडी, पण स्मृतीतून आकडे आणण्याची धावपळ फार. अशा गणितांसाठी डोंगारा व सहकाऱ्यांनी पुढे 'एचपीसीजी' ही निराळी कसोटी मांडली. तिच्यात बलाढ्य संगणकही सहसा कमाल क्षमतेच्या मोजक्या टक्क्यांवरच थांबतात.

दुसरी उणीव आपल्या ओळखीची आहे. 'स्पेक' या संस्थेच्या १९८९ च्या कसोटीसंचात 'मॅट्रिक्स३००' नावाची आज्ञावली होती. कंपायलर बनवणाऱ्यांनी तिच्यातील गुणाकारांचा क्रम असा बदलून घेतला, की लागणारे आकडे जलद स्मृतीतच हाताशी राहावेत. गुण कित्येक पटींनी वाढले, यंत्र तेच! १९९२ च्या संचातून ती वगळावी लागली. अपेक्षित प्रश्न पाठ करून मिळवलेले गुण शिक्षकांना काही नवे नाहीत.

म्हणून शाळेसाठी संगणक घेताना जाहिरातीतील आकड्यावर विसंबू नये. आपल्या प्रयोगशाळेत रोज चालणारी दोन-तीन कामे त्याला द्यावीत आणि मनगटावरच्या घड्याळाने वेळ मोजावा, असे आम्ही सुचवतो.