विषाची प्रतवारी

कीटकनाशकाचा डबा हाती घेतला तर त्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन दिसतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग भरलेला असतो. पुष्कळांना ती कारखानदाराची खूण वाटते. वस्तुतः तो कायद्याने ठरवलेला रंग आहे, आणि त्यामागे माणसांच्या मृत्यूचा इतिहास आहे.

१९५८ साली केरळात पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक गव्हाच्या पिठात मिसळले गेले. ते पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा आयोग नेमण्यात आला. पुढे १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा झाला आणि १९७१ च्या नियमांनी हे चार रंग ठरवून दिले.

रंग ठरवायचा कसा? १९२७ साली इंग्लंडमध्ये ट्रेव्हन या शास्त्रज्ञाने एक माप सुचवले होते. ज्या मात्रेने प्रयोगातील निम्मे प्राणी मरतात, ती त्या विषाची मात्रा. मात्रा जितकी थोडी, तितके विष जहाल. तोंडावाटे दिलेली ही मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९७५ साली याच मापावर आपली प्रतवारी उभारली.

पण हे माप एकाच प्रश्नाचे उत्तर देते: विष एकदा पोटात गेले तर काय होईल? उंदरांच्या बाबतीत पॅराथिऑनची मात्रा सुमारे १३ मिलिग्रॅम, तर डीडीटीची सुमारे ११३. म्हणजे या तराजूत डीडीटी सौम्य ठरते. तथापि ते मातीत वर्षानुवर्षे टिकते, प्राण्यांच्या चरबीत साठते आणि शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचे कवच पातळ करते. रेचेल कार्सन यांनी १९६२ साली याच साठत जाणाऱ्या विषाकडे जगाचे लक्ष वेधले. २००१ च्या स्टॉकहोम करारात डीडीटीची गणना झाली ती ते किती लवकर मारते म्हणून नव्हे, तर किती काळ टिकते म्हणून. २००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या प्रतवारीत आरोग्याच्या धोक्याशेजारी जलचरांच्या धोक्यालाही स्थान मिळाले. विष मोजण्याचा एक तराजू पुरत नाही, हे उमगायला इतकी वर्षे लागली.

आता आपल्या घरचे उदाहरण. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. रंगांचा नियम तेव्हा शेचाळीस वर्षांचा होता! पण रंग असतो डब्यावर. मजुराच्या पाठीवर असतो तो पंप. डबा मालकाने आणलेला, औषध दुसऱ्याने कालवलेले, आणि डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत वाऱ्याने अंगावर येणारा फवारा मात्र मजुराचा. उंदराला पाजलेल्या मात्रेत या दिवसभराच्या फवाऱ्याचा हिशेब नाही.

म्हणून प्रतवारी निरुपयोगी म्हणायची काय? मुळीच नाही. केरळच्या त्या मृत्यूंनी आपल्याला विष ओळखायला शिकवले. ती ओळख फवारणाऱ्या हातापर्यंत पोहोचवणे, हे मात्र रंगाचे काम नव्हे. ते तुमचे आमचे काम आहे.