शेजारी देशातील एमबीबीएस पदवीवर भारतात डॉक्टर म्हणून काम

नेपाळ, बांगलादेश किंवा चीनमधून एमबीबीएस पूर्ण केलेल्या भारतीय नागरिकाला केवळ त्या पदवीच्या आधारे भारतात रुग्ण तपासता येत नाहीत. त्यासाठी राज्य वैद्यकीय परिषदेची नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ नुसार एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

प्रवेश घेण्यापूर्वी

परदेशी एमबीबीएसला जाण्यासाठीही नीट-युजी उत्तीर्ण असणे बंधनकारक आहे. १८ नोव्हेंबर २०२१ नंतर प्रवेश घेतलेल्यांना आयोगाचे २०२१ चे विनियम लागू होतात. त्यानुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच संस्थेत झालेला असावा. त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिपही पूर्ण करावी लागते. नेपाळचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, म्हणजे नेमका ५४ महिन्यांचा आहे. बांगलादेशचा पाच वर्षांचा.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते पुढच्या अटीकडे. ज्या देशात पदवी घेतली, तेथील नियामक संस्थेकडे विद्यार्थ्याची नोंदणी झालेली असावी, किंवा तेथील नागरिकांप्रमाणेच त्या देशात व्यवसाय करण्याचा परवाना त्याला मिळण्याजोगा असावा. परदेशी विद्यार्थ्याला असा परवाना मिळतो का, हे नेपाळ मेडिकल कौन्सिल किंवा बांगलादेश मेडिकल अँड डेंटल कौन्सिल यांच्याकडून प्रवेशापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. एजंटाचे तोंडी आश्वासन पुढे कामाला येत नाही. "आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील कॉलेज" अशी जाहिरात दिसल्यास सावध राहावे. परदेशी महाविद्यालयांची अशी कोणतीही यादी आयोग प्रमाणित करत नाही.

पाकिस्तानबाबत नियम वेगळा आहे. डिसेंबर २०१८ पूर्वी प्रवेश घेतलेले किंवा त्यानंतर गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी घेऊन गेलेले वगळता, भारतीय नागरिकांना तेथील वैद्यकीय पदवीवर भारतात नोंदणी मिळत नाही.

परतल्यानंतर

नेक्स्ट परीक्षा लागू होईपर्यंत एफएमजीई ही चाळणी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती वर्षातून दोनदा, साधारणपणे जून व डिसेंबरमध्ये घेते. एकाच दिवशी प्रत्येकी १५० प्रश्नांचे दोन भाग असतात. ३०० पैकी १५० गुण आवश्यक आहेत. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. अर्जासोबत लागणाऱ्या पदवी प्रमाणपत्रावर त्या देशातील भारतीय दूतावासाचे साक्षांकन किंवा अपोस्टिल असावे. हे काम तिकडे असतानाच उरकावे, परत आल्यावर त्यासाठी महिने जातात.

निकालानंतर राज्य परिषदेकडे, उदाहरणार्थ महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे, तात्पुरत्या नोंदणीसाठी अर्ज करून भारतात पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते. परदेशातील इंटर्नशिप हिच्याऐवजी चालत नाही. म्हणजे बांगलादेशातून आलेल्याची पाच अधिक एक अधिक एक अशी सात वर्षे जातात, शिवाय परीक्षेचा काळ वेगळा. घरच्या खर्चाचा अंदाज याच हिशेबाने बांधावा. भारतातील इंटर्नशिपच्या काळात त्याच महाविद्यालयातील भारतीय पदवीधरांइतके विद्यावेतन मिळण्याची तरतूद विनियमांत आहे; अर्ज करताना महाविद्यालयाकडे त्याची चौकशी करावी. इंटर्नशिप पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र सादर केल्यावर कायम नोंदणी मिळते.