डुक्कर रुपया

गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर मोहल्ल्यातल्या एका चाचांनी मला मशिदीबाहेर थांबवलं. खिशातून पाच रुपयांचं नाणं काढून म्हणाले, "बेटा, जरा देख तो, असली है ना?" २०१२ चं, माता वैष्णोदेवीची प्रतिमा असलेलं नाणं. मोबाईलवर कुणीतरी कळवलं होतं की याचे पाच लाख मिळतात. 'नोंदणी'चे दोन हजार चाचांनी भरलेही होते. आता 'करा'चे आठ हजार मागत होते.

नाणं असली होतं. त्याची किंमत मात्र पाचच रुपये होती. अशी नाणी आजही वाण्याकडच्या सुट्ट्या पैशांत सापडतात. जे कुणालाही मिळू शकतं, त्यासाठी लाखो रुपये कोण मोजेल?

पण चलनातली साधी नाणी पुढे मौल्यवान ठरतात, हेही खरं आहे. त्यातलं एक तर आपल्या समाजाशीच जोडलेलं आहे. संग्राहक त्याला 'डुक्कर रुपया' म्हणतात.

१९११ साली पंचम जॉर्जच्या नावाचे चांदीचे नवे रुपये मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडले गेले. राजाच्या झग्यावर एका शाही सन्मानाची माळ होती आणि त्या माळेत हत्ती होता. नाण्यावर हा हत्ती अगदी चिमुकला झाला. सोंड आखूड, पाय बुटके. लोकांना तो डुकरासारखा दिसू लागला. नाणेशास्त्राची पुस्तकं सांगतात की मुसलमानांनी या रुपयाला हरकत घेतली, तो घ्यायला नकार दिला.

आज हा किस्सा हसत सांगितला जातो. पण त्या काळच्या माणसाच्या जागी उभं राहून पाहा. दिवसभर राबून मिळालेला रुपया, त्यावर ते जनावर, आणि तोच रुपया खिशात ठेवून नमाजला उभं राहायचं. त्याला भिंगातून पाहून 'हा हत्तीच आहे' असं समजावायला कोण येणार होतं? सरकारनेही समजावत बसण्याऐवजी नाणंच बदललं. १८५७ च्या काडतुसांची आठवण साहेबांच्या मनात असणारच, असं मला वाटतं. शिवाय जे नाणं घ्यायला लोक कचरतात, ते चलन म्हणून चालणार कसं?

सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते. त्यांपैकी सुमारे ७ लाखच लोकांच्या हाती पोहोचले. उरलेले वितळवले गेले. १९१२ पासूनच्या रुपयावर हत्ती नीट दिसतो, सोंड आणि कान ओळखू येतात.

१९११ चा रुपया आज महाग आहे तो या भट्टीमुळे. वजन तेवढंच, चांदी तेवढीच, राजाही तोच. १९१२ नंतरचे रुपये कोट्यवधींच्या संख्येने निघाले, म्हणून ते सराफाकडे चांदीच्या भावाच्या आसपास मिळतात. १९११ च्या रुपयाला मात्र संग्राहक त्याहून कितीतरी जास्त मोजतात. पंचम जॉर्जचे रुपये सालवार जमवणाऱ्या प्रत्येकाला तो हवा असतो, आणि शिल्लक आहेत थोडे. नाणं किती जुनं आहे किंवा त्यावर कुणाचं चित्र आहे, एवढ्याने भाव ठरत नाही. किती उरली आणि किती जणांना हवीत, यावर तो ठरतो.

आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे नाण्याची अवस्था. हे मला दादीच्या हाराने शिकवलं. तिच्या हारात पंचम जॉर्जचे अकरा रुपये होते आणि त्यांत एक १९११ चा. मी मोठ्या आशेने तो जाणकाराला दाखवला. त्याने पाहिलं आणि परत माझ्या हातात ठेवला. प्रत्येक रुपयाला कडी डाक लावून जोडलेली होती. दर ईदला चिंचेने घासून घासून राजाचा चेहराही गुळगुळीत झाला होता. "चांदीचा भाव मिळेल," तो म्हणाला. मी हार घरी आणला. आमच्यासाठी त्याची किंमत वेगळी आहे.

श्रद्धा आणि पैसा यांचा संबंध आजही संपलेला नाही. १९११ मध्ये श्रद्धेपायी लोकांनी रुपया नाकारला. आज ज्यांच्या क्रमांकात ७८६ आहे अशा नोटा श्रद्धेपायीच जपल्या जातात. नोट बरकत म्हणून पाकिटात ठेवली तर कुणाचं काही बिघडत नाही. पण तिचे लाखो मिळतील असं कुणी सांगितलं, तर तिथे आपली श्रद्धाच विकायला काढलेली असते. वैष्णोदेवीच्या नाण्याचंही तेच. फसणारा हिंदू असो की मुसलमान, गळाला लावलेलं आमिष एकच.

ओळखायचं कसं? खरा खरेदीदार आधी नाणं हातात घेऊन पाहतो आणि मग पैसे देतो. जो आधी पैसे मागतो, त्याला नाणं नकोच असतं. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही, आणि त्यासाठी ती कसलंही शुल्क वा कमिशन घेत नाही.

चाचांचे दोन हजार गेले ते गेलेच. आठ हजार वाचले. नाणं मी त्यांना परत दिलं, तेव्हा ते क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले. मग आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर गेलो आणि चाचांनी तेच नाणं चहाच्या पैशांत देऊन टाकलं.