हग, कडल आणि आपलं 'खेंव'

आजचा विषय वाचूनच काही जण हसले असतील. 'हग' इंग्रजीत गोड शब्द, पण आमच्या शहापूर-मुरबाडकडे आजीसमोर म्हणून बघा! मराठीत त्या दोन अक्षरांचा अर्थ भलताच होतो. म्हणून आपण बोलत नाही, इमोजी टाकतो. हात पसरलेला तो पिवळा चेहरा युनिकोडमध्ये आला २०१५ साली. एकमेकांना बिलगलेली दोन माणसं आली २०२० मध्ये, म्हणजे नेमकं कोरोनाने लांब उभं केलं त्या वर्षी.

'हग' इंग्रजीत सोळाव्या शतकापासून दिसतो. बरेच अभ्यासक त्याचं नातं जुन्या नॉर्स भाषेतल्या 'हुग्गा'शी लावतात. त्याचा अर्थ धीर देणं. 'एम्ब्रेस' फ्रेंचमधून आला, त्याच्या पोटात लॅटिनमधला 'बाहू' लपलाय. आणि 'कडल' म्हणजे उबेला बिलगून पडून राहणं. बाळ किंवा जोडीदार, एवढ्यांपुरतंच. मित्राला हग चालतो, साहेबांना 'कडल' म्हणालात तर संपलंच!

आपल्याकडे तर नात्याप्रमाणे शब्द बदलतो. लेकराला आई पोटाशी धरते, कुशीत घेते. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात आणि उराउरी भेटतात. गळाभेट राजकारणातही चालते. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली शिवाजी महाराज आणि अफझलखान भेटले, तेव्हा पुढे काय झालं ते शाळेतल्या पोरालाही माहितीये. 'मिठी मारली' म्हटलं, की मात्र मित्र लगेच चिडवायला लागतात.

मला सगळ्यात आवडलेला शब्द आपण विसरलोय. संतांच्या मराठीत आलिंगनाला 'क्षेम' किंवा 'खेंव' म्हणत. खेंव देणं म्हणजे मिठी मारणं. मूळ शब्द संस्कृत 'क्षेम', म्हणजे खुशाली. कुठे ती थंडीतली नॉर्स भाषा, कुठे आपली इंद्रायणी, पण दोन्हीकडे जवळ घेणं म्हणजे समोरच्याला सांगणं, 'मी आहे, तू सुखरूप आहेस.'

हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण आमच्याकडे पोराला मिसरूड फुटलं की बापाचे हात आखडतात. पोरगा नोकरीसाठी पुण्याला निघतो, बाबा आसनगाव स्टेशनवर फक्त बॅग उचलून देतात. माया असते, पण 'हग' म्हणायला लाज आणि 'मिठी' म्हणायला संकोच. अशा वेळी शब्द नाही सापडला तरी चालेल. सरळ खेंव द्या.

तुमच्या घरात यासाठी कोणता शब्द आहे? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!