भातुकली व बाहुलीघर

घरसंसारातील भांडीकुंडी, अवजारे, देव्हारा, पाळणा इत्यादींच्या लहान आकाराच्या प्रतिकृती आणि त्या मांडून खेळला जाणारा मुलींचा खेळ, या दोहोंना मराठीत भातुकली असे म्हणतात. या शब्दाचा भाताशी म्हणजे संस्कृत ‘भक्त’ (शिजविलेले अन्न) या शब्दाशी असलेला संबंध उघड आहे. बाहुलीघर ही मूळची यूरोपीय कल्पना असून तीत विशिष्ट प्रमाणात बांधलेले लहान घर आणि त्याच प्रमाणातील सामान यांचा समावेश होतो. दोन्ही प्रकारांत घर सजविण्याची हौस समान असली, तरी त्यांची घडण वेगळी आहे. बाहुलीघरातील वस्तूंचे माप पट्टीने ठरते. विसाव्या शतकात मूळ वस्तूच्या बाराव्या हिश्शाचे प्रमाण त्यासाठी रूढ झाले. भातुकलीचे माप मात्र मुलीच्या तळहाताने ठरते. तिच्यातील जाते फिरले पाहिजे, खलबत्त्यात दोन वेलदोडे कुटले गेले पाहिजेत आणि तवा चुलीवर ठेवता आला पाहिजे. त्यामुळे एकाच संचातील पातेले आणि पाळणा यांची प्रमाणे परस्परांशी जुळतातच असे नाही. बाहुलीघर प्रामुख्याने पाहण्यासाठी आणि भातुकली हाताळण्यासाठी असते. भातुकलीला बांधीव घरही लागत नाही. ओसरीचा कोपरा, जिन्याखालची जागा किंवा अंगणात खडूने आखलेली चौकट तिला पुरते.

लहान आकाराची प्राचीन वस्तू आढळली की ती खेळणेच असे मानण्याकडे कल असतो. तो सावधपणे स्वीकारला पाहिजे. ईजिप्तमध्ये थीब्झजवळ मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० मध्ये स्वयंपाकघर, धान्याचे कोठार, विणकरांची कर्मशाळा, बाग असलेले घर यांच्या सु. ४,००० वर्षांपूर्वीच्या लाकडी प्रतिकृती सापडल्या. त्या मृताच्या परलोकातील सोयीसाठी होत्या. यूरोपातील सर्वांत जुने ज्ञात बाहुलीघर बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्ट याने १५५७–५८ मध्ये करविले. तेही मुलांसाठी नव्हते, तर वैभवाच्या प्रदर्शनासाठी होते. म्यूनिकच्या राजवाड्याला १६७४ मध्ये लागलेल्या आगीत ते नष्ट झाले. न्यूरेंबर्गमध्ये आना कोफर्लिन या स्त्रीने १६३१ मध्ये आपले बाहुलीघर लोकांना पाहण्यास खुले केले. मुलींना गृहव्यवस्थेचे शिक्षण मिळावे हा तिचा हेतू होता. ॲम्स्टरडॅमच्या पेट्रोनेला ओर्टमनचे बाहुलीघर (सु. १६८६–१७१०) राइक्स संग्रहालयात असून त्यातील चिमुकली चिनी मातीची भांडी पूर्वेकडून मागविलेली होती. नवी दिल्लीचे वास्तुशिल्पज्ञ एडविन लट्येन्स यांनी इंग्लंडच्या राणी मेरीसाठी रचलेले बाहुलीघर १९२४ मध्ये पूर्ण झाले. त्यात नळाला पाणी येते आणि विजेचे दिवे लागतात.

भारतात मोहें-जो-दडो आणि हडप्पा येथील उत्खननांत मातीच्या गाड्या, मान हलविणारे प्राणी व लहान भांडी मिळाली आहेत. वात्स्यायनाच्या कामसूत्रात लहान मुलींच्या खेळांत फुले वेचण्याबरोबरच गृहक म्हणजे खेळातले घर, बाहुल्यांचा खेळ आणि अन्न शिजविण्याचा खेळ यांचा उल्लेख आहे. भातुकलीची सर्व अंगे या उल्लेखात एकत्र आलेली दिसतात. शूद्रकाच्या मृच्छकटिक या नाटकाचे तर नावच मातीच्या खेळण्यातल्या गाडीवरून पडले आहे.

महाराष्ट्रात जी जुनी भातुकली आज संग्रहांत पाहावयास मिळते, ती मुख्यतः पितळेची व तांब्याची आहे. पुण्याच्या तांबट आळीसारख्या वस्त्यांतून तांबट व कासार कारागीर मोठ्या भांड्यांबरोबर ती घडवीत. ठोकीव कामापेक्षा ओतीव कामाला लहान आकार अधिक मानवतो, म्हणून पळी, झारा, समई, घंटा या वस्तू ओतीव आणि तपेली, परात, घंगाळ या ठोकीव असत. पुण्याची तुळशीबाग ही या वस्तूंची प्रसिद्ध बाजारपेठ होय. एका भरल्या संचात चूल, वैल, फुंकणी, चिमटा, पोळपाट-लाटणे, विळी, किसणी, सोऱ्या, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, रोवळी, सूप, रवी, ओगराळे, पाण्याचा बंब, देवपूजेची उपकरणी, पाट-चौरंग एवढे सामान असे. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी हेच सामान हलक्या लाकडात कातून लाखेच्या रंगांनी रंगविले. त्यांच्या लाकडी फळांइतकीच त्यांची भातुकलीही घरोघर पोहोचली.

गृहोपयोगी वस्तूंच्या इतिहासाचे साधन म्हणून भातुकलीचे मोल मोठे आहे. मोठी भांडी मोडीत निघाली, वितळली, नव्या भांड्यांच्या बदल्यात गेली. लहान भांड्यांना मोडीत फारशी किंमत येत नसल्याने ती फडताळात राहून गेली. परिणामी ओगराळे किंवा बंब ज्यांनी वापरात पाहिला नाही, त्यांना तो भातुकलीत पाहता येतो. घरात आलेला प्रत्येक बदलही तिने टिपला आहे. स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमारास निघालेला प्रायमस स्टोव्ह पुढे भारतीय घरांत आला आणि पाठोपाठ भातुकलीतही आला. जर्मनची, मग स्टेनलेस स्टीलची आणि शेवटी प्लॅस्टिकची भांडी याच क्रमाने तिच्यात शिरली. प्रेशर कुकर, गॅसची शेगडी व मिक्सर यांनी चुलीची जागा घेतली. आजच्या संचात चूल असलीच, तर ती गतकाळाची आठवण म्हणून असते.

या खेळाला दुसरी बाजूही आहे. मुलगी आठ-दहा वर्षांची होताच तिचे लग्न होई, त्या काळात खेळातील संसार आणि खरा संसार यांत अंतर फार थोडे होते. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ मध्ये झाला, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याने ही मर्यादा बारा वर्षांवर आणि १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा वर्षांवर नेले. बाहुला-बाहुलीचे लग्न हा भातुकलीतील सर्वांत थाटाचा प्रसंग असे, हे या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्यातील गंमत थोडी उणावते. मुलींच्या शिक्षणाबरोबर खेळाचे वय वाढले व त्याची सक्ती गेली, असे म्हणता येईल.

प्रौढ स्त्रियांनी ही हौस वेगळ्या रूपात जोपासली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी पायऱ्या रचून केलेली आरास, गणपतीपुढील देखावे, तसेच विवाहातील रुखवत ही तिची ठिकाणे होत. रुखवतात सुपारीच्या बाहुल्या, तुळशीवृंदावन, लहानसे देऊळ किंवा सजविलेले घरकुल मांडलेले असते. मुलगे दिवाळीत मातीचा किल्ला करून त्याखाली विहीर, शेत व बाजार मांडतात, तोही याच कुळातला प्रकार मानला पाहिजे.

आतापर्यंतचे वर्णन मुख्यतः वाड्यातील आणि शहरातील घराचे झाले. संग्रहालयांतील भातुकलीही त्याच घराची आहे. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी पुण्यात जमविलेल्या आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलेल्या संग्रहात दिवे, अडकित्ते, भांडी व खेळणी यांना मोठे स्थान आहे. त्यासाठी मराठी समाज त्यांचा ऋणी आहे. परंतु जे धातूचे नव्हते ते मागे उरले नाही, ही अशा सर्वच संग्रहांची मर्यादा होय. ती जव्हार व मोखाडा या तालुक्यांच्या संदर्भात विशेष जाणवते.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील हा डोंगराळ प्रदेश मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानात मोडत असे. संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन हा भाग ठाणे जिल्ह्यात आला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून तो नव्या पालघर जिल्ह्यात आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी या येथील प्रमुख जमाती होत. त्यांचे पारंपरिक घर लाकडी मेढींवर उभे असून भिंती कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या आणि शेणमातीने लिंपलेल्या असतात. धान्याची कणगी, जमिनीत बसविलेले उखळ, जाते, मातीची चूल, बांबूच्या टोपल्या, भोपळ्याची पात्रे आणि मासे पकडण्याची बांबूची साधने हे त्यातील सामान. यांतील बहुतेक वस्तू दोन-चार पावसाळ्यांत मातीस मिळतात. मग त्यांच्या खेळातल्या प्रतिकृती टिकणार कशा? पाने, माती, करवंट्या आणि काटक्या यांतून मुलांनी मांडलेले घर संध्याकाळपर्यंतच उभे असते.

या घरात भांडी थोडी असण्याचे कारण केवळ राहणीतील साधेपणा नव्हे. नाचणी व वरईचे पीक वर्षभर पुरत नाही. पावसाळा सरला की अनेक कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी स्थलांतर करतात. जेवढे डोक्यावर नेता येईल तेवढाच संसार. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषणाने झालेले बालमृत्यू १९९२ मध्ये साऱ्या देशात चर्चेचा विषय झाले. पितळी ताटलीत मुरमुरे वाढून खेळावयाचा खेळ ज्या मुलांसाठी लिहिला-बोलला गेला, त्यांत ही मुले धरलेली नव्हती, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

तथापि या प्रदेशाने आपले घर लहान आकारात मुळीच नोंदविले नाही असे नाही. ती नोंद भिंतीवर आहे. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. चौकटीत पालघाट देवी आणि तिच्याभोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडे, माणसे यांची योजना असते. हे खेळणे नव्हे, विधी आहे. परंतु १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने आणि जिव्या सोमा मशे (मृत्यू २०१८) यांच्यासारख्या चित्रकारांमुळे ही कला कागदावर व कापडावर आली, तेव्हा तिच्यात घराची चित्रे वारंवार येऊ लागली. या चित्रांत घराची पुढची भिंत जणू काढून घेतलेली असते. कोणी दळते आहे, कोणी उखळात कांडते आहे, पलीकडे गुरे बांधली आहेत, कोंबड्या फिरत आहेत. उघड्या दर्शनी बाजूचे यूरोपीय बाहुलीघर ज्या युक्तीने आतले जग दाखविते, तीच युक्ती येथे अन्य कोणापासून न घेता साधलेली आहे. याच भागातील बोहाडा उत्सवाचे मुखवटे मात्र वेगळी गोष्ट सांगतात. कागदाच्या लगद्याचा पूर्णाकृती मुखवटा चढविणारा माणूस त्या रात्रीपुरता देव असतो. दिवाणखान्यासाठी केलेला त्याचाच लहान नमुना निव्वळ शोभेचा राहतो.

मुलांच्या हातातील वस्तूंचा विचार या परिसरात शिक्षणाच्या अंगानेही झाला. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातील कोसबाड टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महाग उपकरणे आदिवासी पाड्यावर परवडण्यासारखी नव्हती. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी त्यांऐवजी शिंपले, बिया, पाने, माती, बांबू असे परिसरातील साहित्य वापरले आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच रूढ झाला. ज्या वस्तू संग्राहकाने टाकाऊ मानल्या असत्या, त्यांना येथे प्रथम शैक्षणिक मोल मिळाले.

अलीकडे लघुप्रतिकृती करण्याचा छंद प्रौढांत वाढत आहे. चौसोपी वाडा, कोकणातले कौलारू घर, गिरणगावातील चाळीची खोली हे त्यातील आवडते विषय दिसतात. अशा घरात जुनी पितळी भातुकली मांडण्याचा मोह अनेकांना होतो, पण प्रारंभी सांगितलेली प्रमाणाची अडचण तेथे आड येते. बाराव्या हिश्शाच्या घरात तळहाताएवढा बंब माणसाच्या उंचीचा भासतो. जव्हार-मोखाड्याचे कुडाचे घर या छंदात क्वचितच आढळते. वास्तविक त्याचीच निकड अधिक आहे. ‘घरकुल’ हा शब्द पूर्वी खेळातल्या घरासही लावीत. आता तो शासकीय योजनेतील पक्क्या घराचा वाचक झाला असून तसे घर मिळणे ही त्या कुटुंबाची रास्त गरज आहे. मात्र विटा-सिमेंटचे घर उभे राहताना कुडाचे घर मोडले जाते आणि त्याची मापे घेतलेली नसतात. पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात जमातींच्या घरगुती वस्तू जतन केल्या आहेत. त्यांच्या जोडीला घरांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती करावयाच्या, तर कूड स्वतः बांधणाऱ्या वृद्धांकडूनच त्या करवून घेतल्या पाहिजेत.

काम दिसते तितके सोपे नाही. बोटाएवढ्या जाडीची कारवी बाराव्या हिश्शात आणली की ती नारळाच्या हिराएवढी होते, म्हणून काठ्यांऐवजी हीर किंवा गवताच्या काड्या वापराव्या लागतात. लिंपणाची माती वस्त्रगाळ करून घेतली नाही, तर तिच्यातील खडा भिंतीतील धोंड्यासारखा दिसतो. शेणातील गवताचे तंतूही आधी गाळून काढावे लागतात. तसे केल्यावर भिंत सुकताना तडकते, कारण खऱ्या कुडात लिंपणाला धरून ठेवण्याचे काम तेच तंतू करीत असतात.